गिअर अडतो, दोष नेमका कुणाचा?

गळीत हंगामात कुरुंद्याहून वसमतकडे किंवा नांदेडकडे गाडी काढणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. संध्याकाळची वेळ, पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, ट्रॉलीला मागे ना दिवा ना चमकती पट्टी. समोरून रस्ता मोकळा दिसतो. पुढे जायचे तर गाडीला तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आणून जोर द्यायला हवा. नेमक्या त्या क्षणी दांडी अडते, 'कर्र' असा आवाज येतो आणि गाडी ना तिसऱ्यात राहते ना दुसऱ्यात जाते. चालकाचा हात दांडीशी झटत असतो आणि नजर नकळत खाली गेलेली असते. हे सगळे दीड सेकंदाचे. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दीड सेकंदात २५ मीटर पुढे सरकलेली असते.

गिअर सहज पडणे ही केवळ हौशी चालकाची चैन नाही, ती सुरक्षिततेचीही बाब आहे. आणि ज्यांच्या हाती दणकट इंजिनाची, चपळ गाडी आहे त्यांच्या बाबतीत तर जास्तच, कारण अशी गाडी गिअर वारंवार आणि घाईने बदलायला लावते.

अशा गाड्या आता फक्त मोठ्या शहरांत राहिलेल्या नाहीत. मराठवाड्यातच, शेंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू झाली आणि पुढे तिची 'आरएस' ही हाताने गिअर बदलायची वेगवान आवृत्तीही रस्त्यावर आली. पुण्याजवळच्या रांजणगावातून २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो निघाली. चाकणच्या पोलोने तर एका पिढीला गाडी चालवण्याची गोडी लावली. या गाड्यांचे उत्पादन थांबले, पण गाड्या संपल्या नाहीत. पुण्या-मुंबईत वापरून झालेल्या या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे तालुक्याच्या गावी येतात. त्यांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. म्हणूनच त्यांच्या गिअरबॉक्समध्ये काय ओतले जाते याला महत्त्व येते.

'नव्वद नंबर टाका, मऊ होईल'

गिअर जड पडतो अशी तक्रार घेऊन मालक गॅरेजात जातो तेव्हा बहुतेक वेळा एकच औषध सांगितले जाते: नव्वद नंबरचे ऑइल बदला, जमल्यास थोडे जाड टाका. जाड म्हणजे मजबूत आणि महाग म्हणजे चांगले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. औषधांच्या बाबतीतही तो असतोच. ताप आला की 'जरा कडक गोळी द्या' म्हणणारे रुग्ण प्रत्येक दवाखान्यात भेटतात. कडक गोळी लागू पडतेच असे नाही आणि जाड तेलाचेही तसेच आहे. ते का, हे समजून घ्यायचे तर वंगणाचे काम काय असते ते पाहावे लागेल.

माणसाच्या शरीरात वंगणाचा उत्तम नमुना आहे तो सांध्यातला. निरोगी गुडघ्यात जेमतेम काही मिलिलिटर इतकाच द्रव असतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दिसणारा हा द्रव हायल्युरॉनिक आम्लामुळे चिकट असतो, पण त्याची खुबी अशी की सांधा संथ असताना तो दाट राहतो आणि हालचाल वेगाने सुरू झाली की पातळ होतो. त्याच्या आणि गुळगुळीत कूर्चेच्या जोरावर गुडघा आयुष्यभरात लाखो वेळा वाकतो. सांध्याला हवा असतो तो निव्वळ निसरडेपणा. घर्षण जितके कमी तितके बरे.

गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी आहे. तिथे एकाच तेलाकडून परस्परविरोधी दोन कामांची अपेक्षा असते. आत दातेरी चाके सतत एकमेकांत फिरत असतात. त्यांच्या दातांवर प्रचंड दाब येतो आणि तिथे तेलाचा पडदा टिकला पाहिजे, नाहीतर लोखंड लोखंडाला खाते. इथे निसरडेपणा हवा. पण गिअर बदलताना मात्र नेमके उलटे घडावे लागते.

हाताने बदलायच्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकांच्या जोड्या कायमच एकमेकांत गुंतलेल्या असतात. दांडी सरकवल्यावर आतली एक कडी सरकते आणि हव्या त्या चाकाला दांड्याशी, म्हणजे शाफ्टशी, जखडते. अडचण अशी की त्या क्षणी दोघांचे फिरण्याचे वेग वेगळे असतात. ते सारखे करण्यासाठी मधे एक निमुळती रिंग असते. तिला सिंक्रो रिंग म्हणतात. बहुतेक गाड्यांत ती पितळेसारख्या मिश्रधातूची असते, काहींत तिच्यावर विशिष्ट घर्षण-अस्तर असते. दांडीच्या रेट्याने ही रिंग चाकाच्या निमुळत्या भागावर दाबली जाते आणि ब्रेकसारखी पकड घेऊन क्षणार्धात दोघांचा वेग जुळवते. वेग जुळला की कडी अलगद आत जाते. आपल्याला कळते ते इतकेच, की गिअर लोण्यासारखा पडला.

ही पकड घेण्यासाठी रिंग आणि चाक यांच्यामधले तेल बाजूला सरले पाहिजे. त्यासाठी रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे पाडलेले असतात. तेल फार दाट असेल तर ते वेळेत सरत नाही. फार निसरडे असेल तर सरूनही पकड बसत नाही. दोन्ही वेळा परिणाम तोच. वेग जुळण्याआधीच दाते दातांवर आदळतात आणि 'कर्र' होते. म्हणजेच गिअरबॉक्सचे तेल दातांना निसरडे आणि रिंगला पकड घेऊ देणारे असावे लागते. तेलाची निवड म्हणजे या दोन्हींचा मेळ.

घर्षण, झीज आणि वंगण यांचा अभ्यास ही आज एक स्वतंत्र शाखा आहे. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला दिलेल्या अहवालातून तिला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव मिळाले. घासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. घासून झिजणाऱ्या यंत्रांमुळे देशाचे किती नुकसान होते, हा त्या अहवालाचा विषय होता. आज कृत्रिम गुडघ्याची झीज मोजणारे आणि गाडीच्या गिअरची झीज मोजणारे संशोधक याच शाखेत काम करतात.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

गिअर ऑइलच्या डब्यावर '७५डब्ल्यू-९०' किंवा '८०डब्ल्यू-९०' असे आकडे असतात. यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा, म्हणजे विंटरचा. पहिला आकडा थंडीत तेल किती प्रवाही राहते ते सांगतो. आकडा जितका लहान तितके तेल थंडीत पातळ. ७५डब्ल्यूची कसोटी उणे ४० अंशांवर घेतात, तर ८०डब्ल्यूची उणे २६ अंशांवर. दुसरा आकडा १०० अंश तापमानाला तेल किती दाट राहते त्याचा आहे.

मग हिंगोली जिल्ह्यात, जिथे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पहिल्या आकड्याचा काय उपयोग, असा प्रश्न कुणालाही पडेल. उणे तापमानाशी आपला संबंध नाही हे खरे. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडी काढणाऱ्यांना पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर जड पडल्याचा अनुभव येतो. रात्रभर गारठलेले तेल दाट झालेले असते. इंजिन काही मिनिटांत तापते, गिअरबॉक्सला मात्र वेळ लागतो. ७५डब्ल्यू प्रकारातले तेल या वेळेत तुलनेने लवकर सरते. म्हणून त्याचा फायदा आपल्याकडेही जाणवू शकतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गिअर ऑइलचा ९० हा आकडा इंजिन ऑइलच्या ४०पेक्षा मोठा दिसतो, म्हणून ते दुप्पट दाट असेल असे वाटते. तसे नाही. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. ९० नंबरचे गिअर ऑइल दाटपणात साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलच्या आसपास येते. ताप फॅरनहाइटमध्ये १०२ आणि सेल्सिअसमध्ये ३९ सांगितला म्हणून दोन वेगळे आजार होत नाहीत, तसाच हा प्रकार.

अलीकडच्या गाड्यांसाठी उत्पादक ७५डब्ल्यू-८० किंवा नुसते ७५डब्ल्यू इतके पातळ तेलही सुचवतात. अशा गाडीत 'आपल्याकडे ऊन फार' म्हणून परस्पर जाड तेल ओतले, तर सिंक्रो रिंगला ते वेळेत बाजूला सारता येत नाही आणि जो त्रास नव्हता तो सुरू होतो. काही कंपन्या तर ग्रेडऐवजी स्वतःचा मानक क्रमांक देतात. तो क्रमांक डब्यावर आहे का, हे वाचून पाहणे हाच तिथे योग्य मार्ग.

चार आणि पाचमधला फरक

डब्यावर आणखी एक खूण असते: जीएल-४ किंवा जीएल-५. दुकानात पुष्कळदा असे सांगितले जाते की पाच नंबर हा चारपेक्षा वरचा, म्हणून तोच घ्या. गोंधळ इथेच होतो.

जीएल-५ तेल मुख्यतः मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलसाठी बनवले जाते. तिथल्या दातेरी चाकांचे दात एकमेकांवर सरकत, घासत फिरतात. तो दाब सोसण्यासाठी या तेलात गंधक आणि स्फुरदाची रसायने जीएल-४च्या साधारण दुप्पट असतात. दाब वाढला की ही रसायने लोखंडावर एक पातळ थर तयार करतात आणि दात वाचवतात. गिअर ऑइलला जो कुजकट, नाकात बसणारा वास येतो तो याच गंधकाचा.

पण हीच रसायने सिंक्रो रिंगवर दोन प्रकारे उलटू शकतात. एक, पृष्ठभाग इतका निसरडा होतो की रिंगला पकड घेता येत नाही. दुसरे, काही जीएल-५ तेलांतले सक्रिय गंधक तापल्यावर पितळेला खाते. हे एका दिवसात होत नाही. गाडी सुरुवातीला छान चालते, आणि पुढे कधीतरी दुसरा-तिसरा गिअर कुरकुरू लागतो. तोवर तेल बदलल्याचे कुणाच्या लक्षातही राहिलेले नसते. सगळीच जीएल-५ तेले पितळेला घातक असतात असे नाही. पण उत्पादकाने जीएल-४ सांगितले असेल तर पाच नंबर ही 'बढती' नव्हे, ती चुकीची नेमणूक आहे.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात आणि दोघांना मिळून सुमारे दोन लिटर एकच तेल लागते. जीपसारख्या किंवा मालवाहू पिकअप गाड्यांत मात्र दोन वेगळ्या पेट्या असतात आणि दोघांची तेलेही वेगळी असू शकतात. ट्रॅक्टरचा प्रकार तर आणखी निराळा. अनेक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना मिळून एक खास तेल असते. तिथे मोटारीचे नव्वद नंबर ओतले तर ब्रेकवर परिणाम होऊ शकतो. एकाच घरात मोटार, पिकअप आणि ट्रॅक्टर असले तरी तिघांचा डबा एक असेलच असे नाही.

आधी निदान, मग तेल

पोट दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकाला अॅसिडिटीची गोळी देणारा वैद्य कधीतरी अपेंडिक्स चुकवणार. गिअर जड पडतो म्हणून प्रत्येक वेळी तेल बदलणेही तसेच. आधी चार साधे प्रश्न विचारले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

पहिला प्रश्न: इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात का? बंद गाडीत सहज आणि चालू गाडीत जड पडत असतील तर संशय क्लचवर घ्यावा. क्लच पूर्ण सुटत नसेल तर इंजिन गिअरबॉक्सला फिरवतच राहते. यामागे क्लचच्या तेलाची गळती, नळीतली हवा, झिजलेली प्लेट असे काहीही असू शकते. कधी कधी तर पेडलखाली सरकलेली पायघडी हेच कारण निघते.

दुसरा: त्रास फक्त गाडी थंड असतानाच होतो का? होत असेल तर तेल दाट किंवा जुने असण्याची शक्यता जास्त. तिसरा: त्रास एकाच गिअरला होतो का? दुसरा गिअरच कुरकुरतो, बाकीचे नीट पडतात, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असावी. चांगल्या तेलाने आवाज थोडा कमी होईल, पण झिजलेला धातू भरून येणार नाही. चौथा: दांडी ढिली, डुगडुगती आहे का? तसे असेल तर दोष दांडीच्या केबलमध्ये किंवा बुशमध्ये असू शकतो, आणि तो तुलनेने स्वस्तात सुटतो.

एवढे करून तेल बदलायचे ठरलेच तर काढलेले तेल लगेच टाकून देऊ नये. रुग्णाचे रक्त तपासावे तसे ते उजेडात पाहावे. खालच्या बोल्टला असलेल्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप दिसला तर काळजीचे कारण नाही, ती नेहमीची झीज असते. तेलात सोनेरी चकाकी दिसली तर पितळी रिंग झिजते आहे असे समजावे. लोखंडाचा तुकडा हाती लागला तर गाडी पुढे चालवू नये.

आणि तेल चहासारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीनंतर कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले होते. अशा पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन ऑइल लोक आठवणीने बदलतात, पण गिअरबॉक्सकडे फारसे कुणी पाहत नाही. गिअरबॉक्सला हवा ये-जा करण्यासाठी एक बारीक वाट असते. पाणी त्या वाटेने आत जाते, तेलात मिसळते आणि आतल्या बेअरिंगला गंज चढतो. बाधित गाडी नंतर स्वस्तात विकली जाते आणि नव्या मालकाला कारण कळत नाही. जुनी गाडी घेताना गिअरबॉक्सचे तेल थोडे काढून पाहणे म्हणूनच शहाणपणाचे.

पान्हा धरणारे हात

तेल कोणते घ्यायचे यावर मालक विचार करतो. ते तेल ज्याच्या अंगावर सांडते त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. गॅरेजात काम शिकणाऱ्या पोराचे हात कोपरापर्यंत काळे असतात आणि ते कामाचे भूषण मानले जाते. त्वचेच्या दृष्टीने ते भूषण नाही.

तेल सतत लागत राहिले की केसांच्या मुळांची तोंडे बुजतात. मनगटावर, हातांवर आणि तेलकट पँट जिथे घासते त्या मांड्यांवर काळ्या टोकाच्या पुटकुळ्या उठतात, पिकतात. काहींना हात कोरडे पडून भेगा जातात, खाज सुटते. मग हात धुण्यासाठी पेट्रोल, डिझेल किंवा थिनर वापरले जाते. त्याने तेल निघते खरे, पण त्वचेचा स्वतःचा स्निग्ध थरही निघून जातो आणि आजार वाढतो.

याहून गंभीर गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या वृषणाच्या त्वचेच्या कर्करोगाचे कारण काजळीत असल्याचे दाखवले. शतकभरानंतर लँकेशायरच्या कापड गिरण्यांत तोच आजार दिसला. तिथल्या कामगारांच्या कपड्यांवर मांडीच्या उंचीवर यंत्राचे तेल उडत असे. आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशुद्ध किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलांना कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. आजची नामांकित गिअर ऑइले चांगल्या रीतीने शुद्ध केलेली असतात आणि कधीतरी हाताला लागल्याने कर्करोग होत नाही. पण इंजिनातून निघालेल्या काळ्या, जळक्या तेलात घातक घटक साठलेले असतात आणि वर्षानुवर्षे रोज त्यात हात घालणाऱ्याचा धोका वेगळा असतो. तेलाने माखलेली चिंधी पँटच्या खिशात ठेवण्याची सवय तर आजच सोडावी. खिशातून झिरपणारे तेल नेमके कुठे पोहोचते ते गिरणी कामगारांच्या इतिहासाने सांगितले आहे. रबरी, शक्यतो नायट्राइलचे हातमोजे, कामाआधी हाताला लावलेले साधे मलम, कामानंतर साबण-पाणी आणि रोज धुतलेले कपडे, इतके पुरे आहे.

गॅरेजातल्या आणखी काही प्रसंगांत मिनिटे महत्त्वाची असतात. ग्रीस गनचे तोंड हातावर निसटून बारीक टोचल्यासारखे झाले, तर जखम टाचणीएवढी दिसते आणि दुखतही नाही. पण दाबाने आत गेलेले ग्रीस बोटाच्या स्नायुबंधांच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरलेले असू शकते. अशा रुग्णाला लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते. उशीर झाला तर बोट गमवावे लागू शकते.

नळीने तोंडाने ओढून पेट्रोल-डिझेल काढण्याची पद्धतही तितकीच घातक. घोट पोटात गेला तर त्रास होतो, पण चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसांना सूज येते. अशा वेळी उलटी करवू नये, कारण उलटीत तेच तेल पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकते. रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे. घरात किंवा गॅरेजात कुठलेही तेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये. लहान मूल बाटली पाहते, आत काय आहे ते नाही.

गरम गाडीतून तेल काढताना हात भाजला तर भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या, साध्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. वसमतचा परिसर हळदीचा, त्यामुळे हळद हाताशीच असते. पण भाजलेल्या ताज्या जखमेवर ती लावू नये. जखम किती खोल आहे ते त्याखाली दिसत नाही आणि साफ करताना रुग्णाला दुप्पट वेदना होतात. आणि गाडीखाली शिरण्यापूर्वी नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये. भक्कम स्टँड लावल्याशिवाय अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाता कामा नये.

काढलेले तेल जाते कुठे?

जुने तेल गॅरेजामागच्या मातीत ओतले जाते, कुणी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावते, कुणी गुरांच्या किंवा कुत्र्याच्या खरजेवर चोपडते. जनावर अंग चाटते, तेल पोटात जाते. त्याच्याही त्वचेला इजा होते. खरजेवर पशुवैद्यकाकडे स्वस्त आणि खात्रीची औषधे आहेत. मातीत ओतलेले तेल पावसाळ्यात ओढ्यात, विहिरीत उतरते. ज्या गावाने पुराचे पाणी घरात शिरलेले पाहिले आहे, त्याला गॅरेजामागची माती किती दूर वाहून जाते हे सांगायला नको. देशाच्या २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवरही ते परत घेण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. गॅरेजवाल्याने झाकणाच्या कॅनमध्ये ते साठवून ठेवणे ही त्यातली पहिली पायरी.

थोडक्यात, पण महत्त्वाचे

• गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेला ग्रेड आणि जीएल क्रमांक आधी वाचा. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात गाडीचा मॉडेल क्रमांक सांगून विचारा.

• जीएल-४ सांगितले असेल तिथे जीएल-५ घालू नका. दोन्हींवर चालणारे, असे डब्यावर लिहिलेले असले तरी उत्पादकाच्या शिफारशीशी ताडून पाहा.

• जाड तेलाने झिजलेला गिअर बरा होत नाही. फक्त आवाज दबतो आणि दुरुस्ती लांबते.

• तेल बदलताना आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट उघडतो का ते पाहा, मगच खालचा सोडा. वरचा गंजून अडकला आणि खालून तेल गेले, तर गाडी जागेवरच राहते.

• सपाट जागेवर गाडी उभी करून सांगितलेल्या पातळीपर्यंतच तेल भरा. जास्त भरल्यास फेस येतो आणि सीलमधून गळती लागते.

• स्वयंचलित किंवा दुहेरी क्लचच्या गाडीत मॅन्युअल गिअरचे तेल ओतू नका. त्यांची तेले सर्वस्वी वेगळी आहेत.

• गिअर बदलताना दांडी रेटू नका. पातळ झालेल्या रिंगला अर्ध्या सेकंदाची सवड द्या. दांडीवर हात ठेवून गाडी चालवण्याची सवयही आतल्या भागांची झीज वाढवते.

दुरुस्ती होईपर्यंत मात्र एक पथ्य पाळावेच लागेल. गिअर अडणाऱ्या गाडीने ट्रॉलीच्या पुढे जाण्याची घाई करू नये. दोन मिनिटे ट्रॉलीमागे राहिल्याने घरी पोहोचायला थोडा उशीर होईल, इतकेच.